शू रॅकमधल्या महालक्ष्म्या

केडगावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे मला माहीत नाहीत, पण त्यांच्या चपला मी ओळखते. कुणाकडे नवी सून आली, कुणाचा मुलगा सुट्टीला आलाय, कुणाचे गुडघे दुखायला लागले आणि मऊ सोलचे बूट आणावे लागले, हे सगळं मला दाराबाहेरच्या शू रॅकवरून कळतं. मी पार्सल पोहोचवते. स्कूटर, त्यावर माझ्याएवढी बॅग, डोक्याला स्कार्फ आणि वर हेल्मेट. पुणे रोडच्या दोन्ही अंगांना ज्या सोसायट्या झाल्यात, त्यातल्या बहुतेक माझ्याकडे असतात, आणि त्या मी मागून घेतल्यात. आमच्या हबवरच्या, म्हणजे जिथून पार्सलं वाटून मिळतात तिथल्या, पोरांना सोसायटी नको असते. त्यांना सुटे बंगले हवेत, गेटवरून हाक मारली की काम झालं. मी म्हटलं, द्या मला, बघते एकेकाला.

बघायला भरपूर मिळालं. फोनमधला नकाशा सोसायटीच्या हमखास मागच्या बाजूला नेतो आणि ‘तुम्ही पोहोचलात’ म्हणून सांगतो. पोहोचले कुठं, समोर पुरुषभर उंच भिंत आणि त्यापलीकडे कुणाची तरी वाळत घातलेली चादर. वळसा घालून गेटवर यावं तर तिथं फोनवरून परवानगी काढायची. घरातल्या माणसानं बटण दाबलं की आपण आत. त्या माणसानं पार्सलसाठी सकाळपासून कंपनीकडे तगादा लावलेला असतो, पण बटण दाबायची वेळ आली की त्याचा फोन नेमका चार्जिंगला. मग विंग शोधा. ए आणि बी शेजारी, सी बागेच्या पलीकडे, आणि डी कुठं आहे हे डीमधल्या लोकांनाच ठाऊक.

मी ज्या सोसायटीबद्दल सांगतेय ती या सगळ्यांत वरचढ होती. तिथं लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी पाटी लावली होती : ‘पार्सलवाल्यांनी लिफ्ट वापरू नये.’ मी थेट त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, “लिफ्ट रहिवाशांसाठी आहे.” मी म्हटलं, “पार्सल कुणाचं आहे? रहिवाशांचंच ना? मग त्याला लिफ्टनं जाऊ द्या, मी येते जिन्यानं.” ते हसले नाहीत. मी मात्र तसं एकदा खरंच केलं. पार्सल लिफ्टमध्ये ठेवलं, सातवा मजला दाबला आणि जिना चढायला लागले. लिफ्ट माझ्या आधी पोहोचली, पण मधल्या मजल्यावर कुणीतरी पार्सल उचलून गेटवर जमा केलं. परत खाली जाऊन ते आणताना मी सेक्रेटरींना जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गेटवरचे काका, म्हणजे वॉचमन, ते ऐकून तोंड फिरवून हसत होते. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन ते इथं खुर्चीवर बसले होते. “ताई, माझा नाइलाज हाय,” एवढंच ते नेहमी म्हणत.

एवढं करून दारापाशी पोहोचावं, तर दार उघडत नाही. बेल वाजवली की फोन येतो, “शू रॅकमध्ये ठेवा.” आमच्या भागात आता हीच रीत पडलीय. पुस्तक असो, औषध असो, कुणाच्या साखरपुड्याची साडी असो, सगळं शू रॅकमध्ये. घरात माणूस असतं, टीव्ही चालू असतो, कुकरची शिट्टी ऐकू येते, तरी रॅकमध्ये ठेवा. मला सुरुवातीला फार राग यायचा. दार उघडून हात पुढे करायला असं किती कष्ट पडतात? नंतर मी रागावणं सोडलं आणि चपला बघायला लागले.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या आठवड्यात पार्सलांचा नुसता पूर आला होता. लाइटच्या माळा, मखर, तोरणं, रेडिमेड नऊवाऱ्या. महालक्ष्म्या ज्या दिवशी घरी यायच्या, त्या दिवशी सकाळी माझ्या बॅगेत सातव्या मजल्यावरच्या एका घराचा एक बॉक्स होता. छोटासाच, पण हाताला चांगलाच जड. त्या घरात नवरा-बायको आणि म्हातारी सासूबाई राहायच्या. सासूबाई कर्जतकडच्या. त्यांची जुन्या वळणाची चामडी चप्पल रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर असायची.

मी जिना चढून बेल वाजवली. लगेच फोन वाजला. सूनबाई बोलत होत्या. दाराच्या आतून त्यांचा आवाज येत होता आणि फोनमधूनही त्यांचाच.

“माझे हात पिठात आहेत हो. रॅकमध्ये ठेवून द्या ना.”

“जड आहे मॅडम. दार उघडता का?”

“असू दे, ठेवा. माळा असतील.”

मी खालच्या फळीवर दोन जोड बाजूला सारून बॉक्स ठेवला, त्यांनी दाराआडून ओटीपी सांगितला, मी फोटो काढला आणि पुढच्या विंगला निघाले.

दुपारी हबवरून फोन आला. आमचा तिथला साहेब एरवी आरडाओरडा करणारा, पण त्या दिवशी अगदी हळू बोलत होता, आणि त्यानंच मी घाबरले. सातव्या मजल्यावरच्या नवऱ्यानं तक्रार केली होती. बॉक्समध्ये महालक्ष्मींचे मुखवटे होते, पितळेचे, दोन. पार्सलवालीनं देव चपलांमध्ये ठेवला, आमच्या भावना दुखावल्या, आईनं तो घरात घ्यायला नकार दिलाय, असं सगळं लिहिलं होतं.

“देवाधर्माची तक्रार आहे,” साहेब म्हणाला. “सणाच्या दिवसांत असलं वर गेलं की कुणी ऐकत नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत मागं घेतली तर ठीक, नाहीतर तुझा आयडी बंद.”

आयडी बंद म्हणजे काम बंद. सकाळी हबवर उभं राहायचं आणि कुणी बॅग द्यायची नाही. हे काम मी घरच्यांशी भांडून मिळवलं होतं. सासरच्यांना वाटायचं, बाईमाणूस दारोदार कसं हिंडणार. मी हिंडून दाखवलं. उन्हात, पावसात, जिन्यांवर. गावातल्या कुठल्याही पत्त्यावर मला डोळे झाकून पाठवा, मी पोहोचते. आणि आता हे कशापायी जाणार होतं, तर कुणाला पिठाचे हात धुवून दार उघडायचा कंटाळा आला म्हणून. मी स्कूटर वळवली. सूनबाई काय म्हणाल्या ते त्यांच्या सासूसमोर आणि नवऱ्यासमोर जसंच्या तसं सांगायचं, असं ठरवूनच मी निघाले. दया-माया काही नाही.

सात मजले त्या रागातच चढले. वर गेले तर दार उघडं होतं. मला ते दार उघडं पाहायची सवयच नव्हती, त्यामुळे मजला चुकला की काय असं क्षणभर वाटलं. बाहेर, रॅकशेजारी, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बॉक्स ठेवला होता आणि त्यावर कोरं खणाचं कापड घातलं होतं. आत हॉलमध्ये महालक्ष्म्यांची तयारी झालेली. दोन स्टँडना भरजरी साड्या नेसवलेल्या, गळ्यात दागिने, आणि वर मुखवटे नाहीत. नुसत्या गळ्यापर्यंतच्या त्या दोघी उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात आणि नवरा फोन हातात घेऊन मधोमध.

“मीच तुमची पार्सलवाली,” मी बाहेरूनच म्हटलं. “तुमच्या तक्रारीनं माझं काम जातंय.”

“तुम्हाला कळायला नको का?” नवरा म्हणाला. “देवाचं सामान चपलांत ठेवतात?”

“बॉक्सवर बारकोड असतो सर, आत देव आहे असं लिहिलेलं नसतं. आणि रॅकमध्ये ठेवा म्हणून तुमच्याच मॅडमनी सांगितलं.”

सूनबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे घर थोरल्या भावापासून वेगळं झालेलं होतं. जुने मुखवटे गावाकडे थोरल्यांकडे राहिले, आणि या बाईच्या हातानं पहिल्यांदाच महालक्ष्म्या उभ्या राहणार होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलंय. माझा राग तेवढ्यानं काही गेला नाही. काम माझं जाणार होतं.

“ती कशाला सांगेल असं?” नवरा म्हणाला.

“मीच सांगितलं,” सूनबाई म्हणाल्या. “मला वाटलं, माळा आल्यात.”

मग सासूबाईंनी घसा खाकरला.

“मला काय बहिरी समजता व्हय रं तुमी? मी हितंच बसले हुते. सूनबाई काय बोलली ते समदं ऐकलंय मी.”

“मग आई, तूच म्हणालीस ना, आत आणू नको म्हणून?”

“मंग? आत कसं आनायचं? लक्ष्मी येळंवर येती. वाजतगाजत येती. तू भर दुपारी बॉक्स काखंत मारून आत निघाला, टीव्ही आनल्यागत. म्हून म्हनले, आनू नको.”

नवऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. “मला वाटलं, चपलांमुळे…”

“आवाहन कुटं झालंय अजून? तवर पितळंचं भांडंच हाय ते. आमचे मुखवटे सालभर ज्वारीच्या कनगीत असायचे. उंदरानं येकीचा मळवट खाल्लेला. ती काय रुसून गेली न्हाई.”

म्हणजे झालं असं होतं. आई ‘आत आणू नको’ म्हणाली, आणि ‘का’ म्हणून पोरानं विचारलंच नाही. गावाकडे थोरल्या भावाच्या घरी तो वर्षानुवर्षं जेवायच्या वेळी पोहोचत आलेला. लक्ष्मी दारातून आत कशी येते हे त्यानं धड पाहिलंच नव्हतं. त्यानं रॅक पाहिला, आईचं तोंड पाहिलं, मनानंच हिशेब जुळवला आणि फोन काढून तक्रार ठोकली. या सोसायट्यांतून माणसाला काही विचारण्यापेक्षा तक्रार करणं सोपं पडतं, हे मला नवीन नव्हतं. पण आपल्या आईलाही कुणी विचारत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याचं मला वाईट वाटलं.

“तकरार कसली केली?” सासूबाईंनी विचारलं. त्यानं सांगितलं. “म्हंजी या पोरीचं काम जाईल? आदी ते काड.”

केलेली तक्रार मागं घ्यायचं बटण त्या फोनमध्ये कुठंच नव्हतं. शेवटी त्यानं कंपनीला फोन लावला. बराच वेळ पलीकडून नुसतं संगीत वाजत होतं आणि आम्ही चौघं, ते तिघं आत आणि मी दाराबाहेर, त्या दोन बिनमुखवट्याच्या लक्ष्म्यांसमोर ते ऐकत होतो. मग कुणीतरी माणूस आला, आणि हा म्हणाला, गैरसमज माझा होता, त्यांची चूक नाही. हे त्यानं स्पष्ट आवाजात म्हटलं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. थोड्या वेळानं हबवरच्या साहेबाचा मला फोन आला. “मिटलं,” तो म्हणाला. “बाकीची पार्सलं संपव.”

मी वळले. मागून सासूबाईंची हाक आली.

“थांब गं. नवरा हाय का?”

“आहे की. एमआयडीसीत आहे.”

“तुमच्यात असत्यात का लक्ष्म्या?”

“सासरी नसतात आजी. माहेरी असायच्या, कोपरगावला.”

“मंग दुसरी तू आन. येळ झालीच हाय.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. लक्ष्म्या दोघी, बहिणी-बहिणी. एकेकीला एकेका सवाष्णीनं बाहेरून घरात आणायचं. गावाकडे हे काम दोघी जावांनी केलं असतं. इथं एकच सून होती. शेजारच्या बाईंना विचारावं असं सूनबाईंच्या मनात होतं, पण “आमची तेवढी ओळख नाही हो,” त्या म्हणाल्या. शेजारणीची चप्पल मला माहीत होती, पण ती बाई कशी आहे हे मलाही सांगता आलं नसतं. सकाळपासून म्हातारी त्या दोन साड्यांपुढे बसून होती, ती या काळजीनं. रॅकचा तिला काही राग नव्हता. दुसरी कुणाच्या हातानं येणार, हा तिच्यापुढचा प्रश्न होता.

“मी घामेजलेली आहे,” मी म्हटलं. “ड्रेसवर आहे. पार्सलं राहिलीत.”

“हातपाय धू. वढनी डोक्यावर घे. पार्सल काय पळून जात न्हाई.”

मी कुणाला भीत नाही. भुंकणाऱ्या कुत्र्यांना नाही, सेक्रेटरींना नाही. पण त्या वेळी मी भ्याले. हे माझ्या नवऱ्याला सांगितलं तर त्याला पटायचं नाही.

“बूट कुठं काढू?” मी विचारलं.

“रॅकमध्ये ठेवा,” सूनबाई सवयीनं म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. सगळ्यात आधी सासूबाई हसल्या. मी खालच्या फळीवर, सकाळी बॉक्स ठेवला होता त्याच जागी, माझे बूट ठेवले.

सोसायटीची तुळस गेटपाशी आहे. मुखवटे खाली तिथं नेले, मी गेटवरच्या नळावर हातपाय धुतले, हळदीकुंकू वाहिलं. थोरली लक्ष्मी सूनबाईंनी घेतली, धाकटी माझ्या हातात दिली. पितळ थंडगार होतं आणि सकाळी वाटला होता त्याहून जड. नवरा ताट आणि पळी घेऊन पुढे, वाजवत, कानापर्यंत लाल झालेला. गेटवरचे काका खुर्चीतून उठले, डोक्यावरची टोपी नीट केली, पुढे जाऊन लिफ्टचं बटण दाबलं आणि दार धरून उभे राहिले. आत ती पाटी तशीच होती. मी तिच्या समोर उभी राहिले. हातात लक्ष्मी होती म्हणून तोंडातून काही बोलले नाही, मनात मात्र बोलले.

सातव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. ताटाच्या आवाजानं मजल्यावरची सगळी दारं उघडली होती. इतक्या वर्षांत मी त्या दारांना कधी उघडं पाहिलं नव्हतं. निळ्या पट्ट्यांची चप्पल ही बाई होती तर. मोठ्ठे पांढरे बूट हा पोरगा. शेजारीण हात जोडून पुढे आली आणि “मला का नाही सांगितलं?” म्हणून सूनबाईंवर चक्क रागावली.

दारात सासूबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. गुडघ्यावर हात टेकून त्या वाकल्या आणि कोमट दूधपाणी माझ्या पायांवर घातलं. माझ्या टाचांना भेगा आहेत, दिवसभर बुटात राहून पाय पांढरे पडतात. मला अगदी लाजल्यासारखं झालं.

“नको आजी, तुम्ही कशाला…”

“गप. तुझ्या पायावर न्हाई घालत. लक्ष्मीच्या पायावर घालती.”

भाकरतुकडा ओवाळून टाकला. “काय घिऊन आली गं?” त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. ‘पार्सल’ असं अगदी ओठावर आलं होतं. पण माझी आई दारात जे म्हणायची ते आठवलं आणि तसं म्हटलं, धनधान्य घेऊन आले, सुखाच्या पावलांनी आले. आणि मी उंबरा ओलांडला. उंबरा कसला, फरशीची एक काळी पट्टी. हजारदा मी त्या पट्टीपर्यंत आले आणि मागं फिरले होते.

आणलेल्या लक्ष्मीला घर दाखवायचं असतं. सासूबाई पुढे आणि कुंकवाच्या पावलांवरून आम्ही दोघी मागे. “ही चूल,” त्या म्हणाल्या आणि गॅस दाखवला. “ही कोठी.” डाळ-तांदळाचे डबे. “हितं ल्योक-सून निजत्यात. हितं मी निजती.” त्यांची गोधडी घडी घालून ठेवलेली होती. मग गॅलरी. तिथून खाली माझी स्कूटर दिसली आणि तिच्यावरची बॅग, अर्धी भरलेली. खिशात फोन थरथरत होता, कुणीतरी विचारत असणार, कुठं आहात म्हणून. मला रडू आलं. हात मोकळे नव्हते, त्यामुळे पुसता आलं नाही, आणि मी लपवलंही नाही.

लिफ्टमधली पाटी अजून आहे. मी लिफ्टनंच जाते. सेक्रेटरी बघतात आणि काका आभाळाकडे बघतात. सातव्या मजल्यावरच्या सूनबाईंची सवयही गेलेली नाही. बेल वाजवली की फोन येतो, “रॅकमध्ये ठेवा हं.” आणि दाराच्या आतून दुसरा आवाज येतो, “रॅकमधी कशाला? तिला म्हनाव, आत ये.”

मग दार उघडतं, आणि मी बूट काढते.